राष्ट्रपती भवन आणि दिल्लीचे ऊन

दिल्लीचे राष्ट्रपती भवन म्हणजे साम्राज्याचा रुबाब दाखवायला बांधलेला महाल, असे अनेकजण म्हणतात. हेतू तोच होता, हे नाकारता येत नाही. १९११च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा झाली, एडविन ल्युटेन्स यांनी रायसीना टेकडीवर व्हाइसरॉयसाठी ३४० खोल्यांचे घर उभारले आणि १९२९ साली लॉर्ड आयर्विन तिथे राहायला आले. पण बांधणाऱ्याच्या मनात काय होते एवढ्यावरून वास्तू जोखू नये, असे माझे मत आहे, कारण या घरावर खरी हुकमत चालली ती इथल्या उन्हाची. मे महिन्यात पंडरीच्या कापडबाजारात दुपारी छज्ज्याखालची हातभर सावली किती मोलाची असते, हे रायपूरकरांना सांगायला नको. भिंतीबाहेर दूरवर काढलेला तोच दगडी छज्जा या भवनाला चहूबाजूंनी आहे. तो उन्हाळ्यात भिंत तापू देत नाही, पावसाळ्यात तिच्यावरून पाणी ओघळू देत नाही. ल्युटेन्स यांना भारतीय वास्तुकलेचे कौतुक नव्हते, व्हाइसरॉय हार्डिंज यांच्या आग्रहापोटी त्यांनी ती स्वीकारली, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण त्यामुळे माझा मुद्दा उलट बळकटच होतो: नाखूश माणसालाही छज्जे आणि जाळ्या घ्याव्या लागल्या, घुमटाखाली सांचीच्या स्तूपासारखा कठडा आणावासा वाटला.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे. गरीब देशाच्या प्रमुखाला एवढे घर कशाला? तिथे रुग्णालय व्हावे, ही गांधीजींची इच्छा होती. ती पुरी झाली नाही, याची खंत मला वाटते. तरी १९४८ साली गव्हर्नर जनरल झालेल्या राजाजींनी व्हाइसरॉयचे भपकेबाज दालन नाकारले आणि पाहुण्यांसाठी असलेल्या लहान खोल्यांत बिऱ्हाड थाटले. पुढे राष्ट्रपतींनीही तीच प्रथा पाळली. २००७ साली प्रतिभाताई पाटील तिथे गेल्या, तोवर ती चांगलीच रुळली होती. व्हाइसरॉयच्या दालनात आता परदेशी राष्ट्रप्रमुख उतरतात. अलीकडे बागेचे नाव अमृत उद्यान झाले, दरबार हॉलचे गणतंत्र मंडप. नावे बदलायला माझी हरकत नाही, पण राजाजींच्या त्या निर्णयाची सर त्यांना येत नाही. बाग वसंतात सर्वांसाठी उघडते, संग्रहालयही पाहता येते. आता आतली आणखी दालने लोकांना मोकळी करावीत, आणि छत्तीसगडच्या शाळांतली मुले सरकारी खर्चाने तिथे न्यावीत.