माझा वीस मिनिटांचा डाव

रेडिओ ऐकता ऐकता कुणाच्या भाकऱ्या चालल्या असतील, कुणी उद्याची भाजी निवडत असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या. मी बचतगटांची सहयोगिनी. एरवी मी तुमच्याशी परतफेड, इतिवृत्त, बँकेचं कर्ज यावरच बोलते. आज विषय जरा वेगळा आहे. आज आपण खेळाबद्दल बोलू. पोराबाळांच्या नाही, आपल्या.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. रात्रीचे साडेनऊ झाले होते. दिवसभरात तीन गावांच्या बैठका झाल्या होत्या, त्यातल्या एकीत हप्त्यावरून चांगलंच भांडण झालं होतं. घरी येऊन स्वयंपाक, जेवणं, भांडी, सगळं उरकलं आणि ओसरीवर येऊन बसले. डोक्यात ते भांडण फिरतच होतं. मोबाईल काढला आणि पत्त्यांचा डाव लावला. एकट्यानं खेळायचा, सॉलिटेअर म्हणतात तो. लाल पान काळ्यावर, काळं लालवर. पाचेक मिनिटं झाली असतील, तोवर मागून माझी लेक आली. सहावीत आहे. म्हणाली, "आई, तू पण गेम खेळतेस?"

मी चटकन फोन पालथा घातला. म्हटलं, "नाही गं, गटाचे मेसेज बघत होते."

बघा, मी पोरीशी खोटं बोलले. चोरी केली नव्हती, कुणाचं काही बुडवलं नव्हतं. तरी हात चोरासारखा लपला. त्या रात्री झोपताना मी विचार करत होते, मी नेमकं काय लपवलं?

उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बाईचे हात रिकामे दिसले की घराला चुकल्यासारखं वाटतं, आणि घराच्या आधी बाईला स्वतःलाच वाटतं. मालिका बघायची तर मांडीवर लसणाचं ताट हवं. शेजारणीशी बोलायचं तर गोधडीला टाके घालत. विसावासुद्धा कामाच्या आडून घ्यायचा. सरकारनं २०२४ साली देशभर पाहणी केली, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात त्याची. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ निघाला सरासरी २८९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष असं काम करतात त्यांचा, ८८ मिनिटं. शेतावरची मजुरी, गटाचं काम, दुकान, शिवणकाम हे या पाच तासांच्या वर. मग त्यातून वीस मिनिटं स्वतःसाठी काढली तर ती चोरी कशी?

आणि खेळ आपल्याला नवा थोडाच आहे? आपल्या आज्या सागरगोटे खेळत होत्याच की. एक वर उडवायचा, खालचे उचलायचे, वरचा झेलायचा. भिडू असला तर उत्तम, नसला तर एकटीनं. पंचमीला फुगड्या, मंगळागौरीला रात्रभर खेळ, नवरात्रात भोंडला. पण या खेळांना सणाची परवानगी होती. साध्या मंगळवारी रात्री, काही निमित्त नसताना खेळावं, ही परवानगी मात्र आपल्याला कुणी दिली नाही. ती आपणच घ्यायची आहे.

पत्त्यांच्या या डावाची माझी ओळख जुनी. बारावीनंतर मी एमएससीआयटीचा कोर्स केला. पहिल्या दिवशी माऊस हातात धरला तर बाण पडद्यावर सैरावैरा पळायला लागला. आमचे सर म्हणाले, आधी आठवडाभर सॉलिटेअर खेळा. आम्हा मुलींना वाटलं सर चेष्टा करतात. पण पान पकडून ओढायचं, जागेवर नेऊन सोडायचं, असं करता करता हात बसला. पुढं वाचनात आलं की १९९० साली हा डाव विंडोजमध्ये आला, तेव्हा लोकांना माऊस चालवायची सवय लागावी हाही त्यामागचा हेतू होता. म्हणजे खेळता खेळता जगभरची माणसं कॉम्प्युटर शिकली, त्यातली एक मी. आज गटाची ऑनलाइन माहिती मी भराभर भरते, त्याची सुरुवात त्या बावन्न पानांनी झाली.

आता कामाचं बोलू. दमून आल्यावर मन शांत करणारे, एकट्यानं खेळायचे खेळ कोणते? मला माहीत असलेले तीनचार सांगते.

पहिला टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोमध्ये अलेक्सेई पाजितनोव्ह नावाच्या माणसानं बनवला. वरून चार चौकोनांचे तुकडे पडतात. ते फिरवून खाली नीट बसवायचे, रांग भरली की ती नाहीशी होते. फडताळात डबे लावल्यासारखंच. फरक एवढाच की इथं लावलेलं कुणी विस्कटत नाही. या खेळावर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना मन हादरवणारी दृश्यं दाखवली. अर्ध्या तासानं काहींना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं, काहींना नाही. पुढच्या आठवड्यात खेळलेल्यांच्या डोळ्यांसमोर ती दृश्यं कमी वेळा आली. संशोधकांचं म्हणणं असं की डोळे आणि मन आकार जुळवण्यात गुंतले की नको ते चित्र तिथं घट्ट बसायला जागा उरत नाही. हे औषध नव्हे. ज्या बाईला रात्र रात्र झोप नाही, रडू थांबत नाही, तिनं डॉक्टरांकडेच जायचं. पण हप्त्याचं भांडण डोक्यातून उतरवायला हा खेळ पुरतो, हा माझा अनुभव.

दुसरा २०४८. याचं नावच आकडा आहे. २०१४ साली इटलीतल्या गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या मुलानं शनिवार-रविवारच्या सुट्टीत बनवला आणि लोकांना फुकट दिला. चार बाय चारची चौकट. दोन आणि दोन भेटले की चार, चार आणि चार भेटले की आठ. असं दुप्पट दुप्पट करत २०४८ पर्यंत जायचं. मोजून बघा, २ पासून धरलं तर २०४८ हा अकरावाच आकडा आहे. दुप्पट होत जाणारी रक्कम किती लवकर फुगते, हे मी सावकारी व्याजाबद्दल बोलताना बैठकीत फळ्यावर काढून दाखवते. या खेळात ते बोटांना कळतं.

तिसरं सुडोकू. वर्तमानपत्रातही येतं, पेन्सिल असली की झालं. नऊ बाय नऊचे चौकोन, १ ते ९ आकडे, एका रांगेत किंवा एका उभ्या ओळीत किंवा लहान चौकटीत तोच आकडा दोनदा नको. बेरीज-वजाबाकी लागत नाही, नुसता विचार लागतो.

चौथ्या खेळाची गंमत ऐका. दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला होता, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो फोनवर गाजरासारखं काहीतरी पेरत होता, पाणी घालत होता. खेळाचं नाव स्टारड्यू व्हॅली. एका अमेरिकन तरुणानं, एरिक बॅरोननं, चारेक वर्षं एकट्यानं खपून तो बनवला आणि २०१६ साली बाहेर आला. गोष्ट अशी की एक नोकरदार माणूस ऑफिसला कंटाळून आजोबांच्या पडक्या शेतावर राहायला जातो. मी पोट धरून हसले. म्हटलं, अरे, आम्ही दिवसभर कांदा खुरपून घरी यायचं आणि पुन्हा फोनवर खुरपायचं होय?

पण त्यानं एक गोष्ट दाखवली, ती मनात राहिली. पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी असते. ती शेतकऱ्याची ताकद. कुदळ मारली की ती उतरते. खाल्लं की थोडी भरते, झोपलं की भरते. आणि रात्री दोनपर्यंत बिछान्यात गेला नाही तर गडी जागीच कोसळतो, वर गाठीचे थोडे पैसेही जातात. म्हणजे खेळातल्या शेतकऱ्यालासुद्धा विसावा हिशेबात धरलाय. आपल्या घरात कुणाच्या डोक्यावर अशी पट्टी दिसली असती, तर आईची आणि सासूबाईंची कुठवर उतरलेली दिसली असती?

हा खेळ विकत घ्यावा लागतो, म्हणून घ्याच असं मी म्हणत नाही. आधीच्या तिन्हींना खर्च नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय उठले तर मी सहयोगिनी कसली?

आमच्या भागातल्या एका ताईची गोष्ट आहे. गाव सांगत नाही. तीही दमून आल्यावर विरंगुळा म्हणूनच फोनवर पत्ते खेळायला लागली. पण तो डाव पैसे लावून खेळायचा. आधी पन्नास लावले, सव्वाशे आले. मग दोनशे गेले, ते काढायला पाचशे लावले. शेळी विकून ठेवलेले अकरा हजार चार महिन्यांत गेले. त्यात गटाचा हप्ताही होता. बैठकीला ती यायचीच बंद झाली. मी घरी गेले तेव्हा चुलीपुढं बसून रडली. म्हणाली, "ताई, पहिल्याच दिवशी कुणाला तरी सांगितलं असतं तर थांबले असते. पण आपण गेम खेळतो हेच सांगायची लाज वाटली."

मैत्रिणींनो, मी फोन पालथा घातला होता तो याच लाजेपायी. साधा विरंगुळासुद्धा लपवायची सवय लागली, की त्याच्या आडोशानं फसवणूक घरात शिरते आणि कुणाला पत्ता लागत नाही. गटानं त्या ताईला बाहेर काढलं नाही. हप्ते वाढवून दिले, ती फेडते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. तरी कुठून तरी लिंक येते, "खेळा आणि कमवा" म्हणून. उघडू नका. फोनवरून पैशाची फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

फुकट खेळही सगळे साधे नसतात. रंगीत गोळ्या जुळवायचा एक खेळ मी घेतला होता. पाच वेळा हरलं की म्हणतो, थांबा नाहीतर पैसे भरा. पुन्हा तासाभरानं घंटी वाजवून बोलावतो. एका रात्री एक वाजेपर्यंत खेळले. दुसऱ्या दिवशी एका गटाच्या वहीत बचतीची बेरीज पाचशेनं चुकवली आणि बिचाऱ्या अध्यक्षाबाई घरोघर विचारत फिरल्या. त्या संध्याकाळी तो खेळ काढून टाकला.

तेव्हापासून कुठलाही खेळ घेताना मी स्वतःला चार प्रश्न विचारते. यात कुठे पैसे मागतात का? घड्याळ लावून पळवतात का? मध्येच सोडला तर नुकसान होतं का? मी बोलावलं नसताना हा मला बोलावतो का? चारींचं उत्तर "नाही" आलं, तर तो विसाव्याचा खेळ. एकाचंही "हो" आलं, तर नको. आणि खेळताना फोन विमानाच्या चिन्हावर टाकावा. नेट बंद होतं, त्यामुळे बहुतेक जाहिराती येत नाहीत आणि गटाचे मेसेजही वीस मिनिटं थांबतात. तातडीचा फोन यायचा असेल तर मात्र नुसतं नेट बंद करा. पैशाच्या ॲपचा पिन मुलांना सांगू नका. वीस मिनिटांचा गजर लावा, वाजला की उठा.

आता माझ्या घरचं सांगते. चारेक दिवसांनी मी लेकीला खरं सांगितलं. म्हटलं, "त्या दिवशी मी गेमच खेळत होते. दमले होते. तुझ्याशी खोटं बोलले, चुकलं माझं." ती म्हणाली, "मग मलाही रोज वीस मिनिटं." बरोबर कात्रीत पकडलं! तिला म्हटलं, गृहपाठ झाल्यावर, माझ्याशेजारी बसून, गजर लावून. सासूबाईंना सुरुवातीला रुचलं नाही. "रात्रीचं काय ते बोटं चालवत बसायचं," म्हणाल्या. मी उत्तर दिलं नाही, पण फोनही लपवला नाही. महिन्याभरानं एकदा त्यांनीच कोनाड्यातून एक पुरचुंडी काढली. आत पाच सागरगोटे, त्यांच्या माहेरचे. गुडघे दुखतात म्हणून पाय पसरून बसल्या आणि पहिल्याच फेरीत दोन झेलले. तिसरा पडला तेव्हा अशा काही हसल्या, की आमचे हे टीव्ही सोडून बघायला आले. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही त्यांनी हे ध्यानात ठेवा. सागरगोट्यांना चार्जिंग लागत नाही.

जाता जाता एक काम देते. पुढच्या मासिक बैठकीत वसुली झाली, सह्या झाल्या, की प्रत्येकीनं एकच सांगायचं. दिवसभरात फक्त स्वतःसाठी मी काय करते? कुणी खेळ सांगेल, कुणी रेडिओ, कुणी नुसतं अंगणात बसणं. ज्या बाईला सांगायला काहीच नसेल, तिच्याकडे जरा जास्त लक्ष द्या. आणि एखादी बोलायला कचरली, खाली बघायला लागली, तर बैठक संपल्यावर तिच्यासोबत घरापर्यंत चालत जा.

बराच वेळ बोलले. भाकरी करपली नाही ना? येते मी. नमस्कार.