आठ फ्लॅटची इमारत आणि तिची गल्ली



गोंदियात सिव्हिल लाइन्स, रामनगर, गणेशनगर, कुठेही फिरा. एखादे जुने कवेलूचे घर पाडलेले दिसतेच. मागची सांदवाडी मोकळी केलेली असते आणि त्या जागेवर सहा-आठ फ्लॅटची इमारत उभी राहत असते. अशा इमारतींना माझा विरोध नाही. कुडवा, फुलचूर, कटंगीकडे धानाच्या बांध्यांवर लेआउट पडत चालले आहेत. धानावर आणि राइस मिलवर जगणाऱ्या गावाने बांध्या गिळत पसरण्यापेक्षा आहे त्या जागेत दोन मजले वर जावे, हे बरे. निवृत्त शिक्षकाला, बदलून आलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याला बाजाराजवळ घर मिळते, तेही हवेच. पण या लहान इमारतीचा भार शेजाऱ्यांना सोसावा लागतो, आणि त्याची विचारपूस कुणी करत नाही.

कायद्याची चाळणीच तशी आहे. 2016 च्या रेरा कायद्यात भूखंड 500 चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. पावसाचे पाणी जिरवण्याची सक्ती आहे, पण राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत तीही 500 चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांना. जुन्या वस्तीतले कितीतरी प्लॉट त्याच्या आतले.

आता हिशेब करून पाहा. आपल्याकडे वर्षाला साधारण 1200 मिलिमीटर पाऊस पडतो असे धरा. 400 चौरस मीटरच्या प्लॉटवर ते होते 4 लाख 80 हजार लिटर पाणी. सांदवाडी होती तोवर त्यातले बरेचसे मातीत मुरायचे, शेजारच्या विहिरीला लागायचे. आता वर स्लॅब, खाली फरशी. सगळे पाणी नालीत, आणि नाली तर तीच, हातभर रुंदीची. दुसरीकडे माणशी रोज 135 लिटर धरले तर पाच जणांच्या एका कुटुंबाला पावणेसातशे लिटर पुरायचे. आठ कुटुंबांना 5400 लिटर लागतील. शहराला वैनगंगेवरच्या डांगोर्लीहून पाणी येते, पण उन्हाळ्यात नळाची धार बारीक झाली की इमारतीची बोअर चालू होते आणि बाजूच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. म्हणून सक्ती असो वा नसो, गच्चीचे पाणी जिरवण्याचा खड्डा लहान इमारतीतही झालाच पाहिजे. सेप्टिक टाकीचा शोषखड्डा कुठल्या कोपऱ्यात येणार, हेही विहीर असलेल्या शेजाऱ्याने आधीच विचारावे.

सर्वांत मोठा धोका मात्र पायाचा. जुन्या घराची भिंत मातीत रचलेल्या विटांची, तिचा पाया जेमतेम दोन-अडीच फूट. तिला लागून नव्या इमारतीच्या कॉलमसाठी पाच-सहा फुटांचे खड्डे घेतले जातात. एका दमात सगळी बाजू खणली की जुन्या भिंतीखालची माती उघडी पडते. त्यात मृगाचा पाऊस आला की माती ओघळते आणि भिंतीला कोपऱ्यापासून तिरपी चीर जाते. हे टाळता येते. खणकाम तुकड्यातुकड्याने करायचे, कडेला फळ्यांचा आधार द्यायचा आणि पावसाळ्याआधी जोते वर आणायचे. शेजाऱ्याने काम सुरू होण्याआधी आपल्या भिंतींचे तारखेसकट फोटो काढून ठेवावेत. पुढे वाद झालाच तर तेच कामी येतात.

आवाजाचे म्हणाल, तर निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवायला मनाई आहे. स्लॅबचे काम मध्येच थांबवता येत नाही, सांधा पडतो. मग मिक्सर भल्या सकाळी सुरू करावा आणि आदल्या दिवशी गल्लीत सांगून यावे. सांगितले की लोक समजून घेतात. गिट्टी-रेती मात्र रस्त्यावर पडू देऊ नये. अरुंद गल्लीत रुग्णवाहिका अडते.

उजेडाबाबत एक जुना कायदा आपल्या बाजूने आहे. 1882 चा सुविधाधिकार कायदा मुंबई इलाख्यात 1891 साली लागू झाला, पण आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात असल्याने इथे तो पहिल्यापासूनच आहे. एखाद्या खिडकीतून 20 वर्षे अखंड, बिनतक्रार उजेड-वारा घेतला असेल, तर त्यावर हक्क सांगता येतो. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि उजेड खरोखर बराच घटल्याचे दाखवावे लागते. इमारतीभोवती किती जागा मोकळी सोडायची आणि गाड्या कुठे लावायच्या, हे मंजूर नकाशात आखलेले असते. खालचे पार्किंग बंद करून तिथे दुकान काढले, तर तो नकाशाचा भंग आहे. तशी लेखी तक्रार नगर परिषदेकडे करावी.

हे सगळे पाया भरण्याआधी बोलायचे. जोते वर आल्यावर बिल्डरचा पैसा अडकतो, शेजाऱ्याचा राग वाढतो, आणि मग दोघांतले कुणीच ऐकत नाही. मंजूर नकाशाची नक्कल माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाचे शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. पावसाळा उतरला की खणकामे सुरू होतात. शेजारचे घर पाडायला घेतलेले दिसले, की त्याच आठवड्यात नगर परिषदेत जाऊन अर्ज द्या.