नावाचा सातबारा
(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्यात. अभ्यासवर्गात रॉक संगीत कशाला? ते तर बड्या बापाच्या पोरांचं! हा समज आधी मोडून काढू. रॉकचं मूळ कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्यांच्या गळ्यात आहे. अमेरिकेत काळ्यांच्या रेकॉर्डना 'रेस रेकॉर्ड' म्हणत. म्हणजे गाण्यालाही जात! १९४९ साली 'बिलबोर्ड'ने ते नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. पाटी बदलली, वस्ती वेगळीच राहिली. आणि तेच गाणं गोरा पोरगा गायला लागला की त्याचं रॉक अँड रोल झालं, त्याचं सोनं झालं.

या वेगळ्या वस्तीतली एक बाई म्हणजे टीना टर्नर. मी बोलणार आहे तिच्या १९८४ च्या 'प्रायव्हेट डान्सर' या अल्बमवर. सगळं जग त्याला 'कमबॅक' म्हणतं. मी म्हणत नाही. का, ते सांगतो.

तिचं मूळ नाव ॲना मे बुलक. जन्म १९३९ चा, बालपण टेनेसीतल्या नटबुशचं. लहानपणी तिने कापूस वेचला. पुढे सेंट लुईसला आइक टर्नरच्या बँडमध्ये गाऊ लागली. १९६० साली रेकॉर्ड निघाली, तेव्हा त्यावर नाव आलं 'आइक अँड टीना टर्नर'. हे 'टीना' कुणी ठेवलं? आइकने. तिला विचारलं नाही. वर ते नाव त्याने स्वतःच्या मालकीचं करून ठेवलं. ही सोडून गेली तर दुसरी पोरगी उभी करायची आणि तिला टीना म्हणायचं, असा साधा हिशेब.

आता हा आइक कोण? तोही काळाच. १९५१ साली 'रॉकेट ८८' ही रेकॉर्ड त्याच्याच बँडने वाजवली. रॉक अँड रोलची पहिली रेकॉर्ड म्हणून पुष्कळ लोक तिच्याकडे बोट दाखवतात. पण रेकॉर्डवर नाव छापलं त्याच्या बँडमधल्या गायकाचं, जॅकी ब्रेन्स्टनचं. आइकचं नाव गायब! दोस्तहो, इथे जरा थांबा. ज्याचं नाव बाजाराने खाल्लं, त्यानेच घरी येऊन बाईचं नाव खाल्लं. वर्षानुवर्षं तिला मारलं. आपल्याकडे बाया नवऱ्याला 'मालक' म्हणतात. हा तर तिच्या नावाचाही मालक होता.

जुलै १९७६. डॅलसच्या हॉटेलात आइक झोपलेला. ती निघाली, पळत हायवे ओलांडला. खिशात ३६ सेंट आणि पेट्रोलचं एक कार्ड. १९७८ साली घटस्फोट झाला. कोर्टात तिने पैसा, हक्क, जवळजवळ सगळ्यावर पाणी सोडलं. रद्द झालेल्या कार्यक्रमांचं कर्ज अंगावर घेतलं. मागितलं एकच: 'टीना टर्नर' हे नाव. ते मालकाने दिलेलं असेल, पण त्याला किंमत आली ती तिच्या घामाने. सातबारा कसणाराच्या नावे झाला पाहिजे, एवढीच तिची मागणी.

पुढची वर्षं हलाखीची गेली. सरकारी फूड स्टॅम्पवर दिवस काढले, हॉटेलांत, कॅबरेत गायली. दोन अल्बम पडले. एक गोष्ट लपवायची नाही. १९७९ साली ती वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत गाऊन आली. तिथलं राजकारण आपल्याला कळत नव्हतं, असं ती पुढे म्हणाली. मला हे उत्तर पुरत नाही. पोटाची आग मला कळते, पण तिकडे आपलीच माणसं तुरुंगात सडत होती. आपल्या माणसाची आरती करायची नसते, हिशेब मांडायचा असतो.

१९८३ अखेरीस अल ग्रीनचं एक जुनं गाणं तिने नव्याने गायलं. इंग्लंडमध्ये ते चाललं, तेव्हा कुठे कॅपिटॉल कंपनीला घाई सुटली. मे १९८४ मध्ये अल्बम बाहेर. वय ४४. बरीचशी गाणी गोऱ्या इंग्रजांची. शीर्षकगीत मार्क नॉफ्लरचं: पैशासाठी परक्या पुरुषांपुढे नाचणारी बाई. आपल्या फडावरच्या बाईला ते समजावून सांगावं लागणार नाही. 'व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट' तिला आधी आवडलंच नव्हतं. पण ऐका ते. गळ्यात विनवणी नाही, रडगाणं नाही. मार खाऊन शहाणी झालेली बाई प्रेमाकडे तिरक्या नजरेने बघते आहे. सप्टेंबरमध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. १९८५ च्या ग्रॅमीत तिला तीन पुरस्कार मिळाले, त्यातला एक रॉक गायिकेचा. वेशीबाहेर ठेवलेल्या बाईने गावाच्या मधोमध आपलं घर बांधलं.

पैसा कंपनीने कमावला, खरंच आहे. एका अल्बमने वर्णव्यवस्था हलत नाही, हेही खरं. पण २०२१ च्या 'टीना' या माहितीपटात ती जे सांगते त्याचा अर्थ असा, की हा कमबॅक नव्हताच. टीना त्याआधी आलीच नव्हती, हीच तिची सुरुवात. 'कमबॅक' हा बाजाराचा शब्द आहे. आधीची सोळा वर्षं ती मालकाच्या नावे खपत होती, मग परत यायचं कुठे?

मे २०२३ मध्ये, ८३ व्या वर्षी, ती स्वित्झर्लंडमध्ये गेली. गेली ती स्वतःच्या नावाने.

जाता जाता एकच विचारतो. आपल्या जलशाच्या पोस्टरवर शाहिराचं नाव हातभर असतं. मागे कोरसमध्ये घसा फोडणाऱ्या बायांची नावं सांगता येतील का कुणाला? पुढचं पोस्टर लावाल तेव्हा ती आधी छापा. मग आइक टर्नरला शिव्या घाला.