बरगडीतली चूक

तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना छातीवर एक कडक फुगवटा हाताला लागतो. एक्स-रेत दोन-तीन बरगड्या वाकलेल्या, मधेच झिजलेल्या दिसतात आणि निदान होण्याआधीच कर्करोगाचे नाव घरात शिरते. प्रत्यक्षात ती गाठ छातीच्या भिंतीचा मेसेन्कायमल हॅमार्टोमा असू शकते. अतिशय दुर्मीळ, दिसायला भयंकर, पण साधी.

‘हॅमार्टोमा’ हा शब्द जर्मन विकृतिशास्त्रज्ञ ओयगेन आल्ब्रेख्ट यांनी १९०४ मध्ये ‘चूक’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवला. इतके नेमके नाव वैद्यकात क्वचितच सापडते. कूर्चा, हाड, तंतुपेशी असा माल शरीरातलाच. घडण तेवढी चुकलेली, आणि मधे रक्ताने भरलेल्या पोकळ्या. ही चूक गर्भातच होते. कधी ती प्रसूतीपूर्वीच्या सोनोग्राफीतही दिसते. गाठ बरगडीतून वाढते आणि फुप्फुसाच्या आवरणाबाहेर राहूनच फुप्फुस दाबते. ती मोठी असेल तर बाळाला जन्मतःच धाप लागते.

फसगत होते ती बायोप्सीत. सुईला वाढत्या कूर्चेचाच तुकडा लागला, तर पेशींची लगबग सार्कोमा या कर्करोगासारखी भासते. मॅक्लाउड आणि डालिन या डॉक्टरांनी १९७९ मध्ये अर्भकांमधील या गाठीचे वर्णन करून ती साधी असल्याचे मांडले. मात्र सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र, सीटी-एमआरआय आणि बाळाचे वय एकत्र पाहिल्याशिवाय निदान पक्के होत नाही. बालशल्यचिकित्सक, रेडिओलॉजिस्ट आणि विकृतिशास्त्रज्ञ यांना एकत्र बसावे लागते, ते याचसाठी.

या गाठीला केमोथेरपी लागत नाही, रेडिएशनही नाही. श्वास अडत असेल तर शस्त्रक्रिया करावीच लागते. पण अनेक बरगड्या काढल्या, तर मूल वाढताना पाठीचा कणा वाकू शकतो. त्रास नसलेल्या काही गाठी वाढायच्या थांबतात, काही आपोआप आकसतात. अशा वेळी सुरी खाली ठेवून लक्ष ठेवणे हाही उपचारच असतो, फक्त आईवडिलांना तो पटवायला वेळ द्यावा लागतो.

पण थांबून पाहणे मुलांमधल्या प्रत्येक साध्या गाठीला चालत नाही; लायपोब्लास्टोमाचे गणित वेगळे. भ्रूणावस्थेतल्या चरबीची ही गाठ बहुधा तीन वर्षांखालील मुलांत आढळते, क्वचित छातीतही. तीही साधीच, पण अर्धवट काढली तर पुन्हा उगवते. म्हणून ती शक्यतो पूर्ण काढतात आणि नंतरही काही वर्षे मुलाला तपासणीसाठी बोलावतात.