पाण्यातले गाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्या. मागच्या दिवाळीत मी थोरल्या मुलीला घेऊन मुंबईला बहिणीकडे गेले होते. तेव्हा घारापुरीचे बेट पाहिले. अध्यक्षबाईंनी ते सर्वांना सांगायचा आग्रह केला, म्हणून उभी राहिले.

गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने तासाभरात घारापुरीला पोहोचता येते. मी आपल्या पुसेगावची बाई, एवढे पाणी कधी पाहिलेले नाही. लाँच हलू लागली तशी मी लेकीचा हात घट्ट धरला. तीच मला हसत होती!

बेटावर दोन टेकड्या आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर अशा तीन वस्त्या. गाव रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात मोडते. फार जुने गाव. तेथे जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. परदेशी रांजणांची खापरे सापडली आहेत, म्हणजे रोमकडचा माल या बंदरात येत होता. कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणीही मिळाली आहेत. पुढे पोर्तुगीज आले. धक्क्याजवळ दगडाचा मोठा हत्ती होता, त्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. 1864 साली तो हत्ती हलवताना फुटला. तुकडे जोडून उभा केलेला तो आता मुंबईत भायखळ्याला आहे. हत्ती गेला, नाव मात्र राहिले.

पायऱ्या चढून गेले की मुख्य लेणे लागते. सहाव्या शतकाच्या सुमाराचे असावे असे जाणकार सांगतात. 1987 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपण औंढ्या नागनाथाचे कोरीव काम पाहिलेले आहे. ते दगडावर दगड रचून बांधलेले. हे सारे डोंगर आतून पोखरून केलेले! आत तीन मुखांची सदाशिवाची मूर्ती अठरा-वीस फूट उंच आहे. मधले मुख अगदी शांत, एका बाजूचे रागीट आणि दुसऱ्या बाजूचे बाईसारखे कोवळे. मला मात्र शिवपार्वतीच्या लग्नाचे शिल्प फार आवडले. पार्वती देवाच्या उजव्या हाताला उभी आहे. लग्न लागायचे आहे ना अजून! मान थोडी खाली घातलेली. हातपाय भंगले, पण लाज भंगली नाही. पोर्तुगीजांच्या काळात या मूर्तींची फार मोडतोड झाली.

आता खरे सांगायचे ते पुढे आहे. उतरताना पायऱ्यांवर एक बाई काकड्या विकत होती. तिच्याजवळ टेकले. मी म्हटले, "बाई, तुम्हाला पाण्याची काय ददात! चहूकडे पाणीच पाणी." ती हसली. म्हणाली, "ताई, ते खारट. डोळ्यांना पाणी, घशाला नाही." पावसाचे साठवलेले पाणी उन्हाळ्यात पुरवून पुरवून वापरावे लागते. मला आपल्या चैत्र-वैशाखातल्या घागरी आठवल्या. पाण्याच्या मध्ये राहून आणि पाण्यापासून लांब राहून बायकांच्या डोईवरचे ओझे एकच.

विजेचेही तसेच. समोर मुंबई रात्रभर लखलखते, आणि या गावाला रात्री दोन-तीन तास जनरेटरचा उजेड. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज आली ती 2018 च्या फेब्रुवारीत. देश स्वतंत्र झाल्याला तेव्हा सत्तर वर्षे होऊन गेली होती.

ती म्हणाली, "लोक येतात, दगडाचे फोटो काढतात नि जातात. आमची पोरं शिकायला कुठं जातात, हे कोणी विचारत नाही." मी विचारले. तिची मुलगी कॉलेजसाठी होडीने पलीकडे जात होती. पावसाळ्यात दर्या खवळला की आईचा जीव टांगणीला. "मग कशाला पाठवता?" असे माझ्या तोंडून गेले. ती म्हणाली, "होडी आहे म्हणून पाठवते. मला होडी नव्हती असं नाही, पाठवणारं कोणी नव्हतं."

मैत्रिणींनो, माझ्या माहेरी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा दुसऱ्या गावी, वाटेत ओढा. त्या ओढ्याला वर्षातून चार दिवस पूर येई, पण माझी शाळा कायमची सुटली. आणि आमच्या घरात लेकीबद्दलही "दहावी झाली की पुरे" असे ठरत आले होते. मीही गप्प होते. परतीच्या लाँचमध्ये लेक माझ्याकडे पाहत होती. बोलली काही नाही.

घरी आल्यावर सासूबाईंना आणि आमच्या ह्यांना मी तेवढीच गोष्ट सांगितली. आठ दिवस कोणी बोलले नाही. नवव्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "हिंगोलीला जायला तर एसटी आहे, होडी नाही." यंदा लेक हिंगोलीला अकरावीत आहे.

ज्यांच्या घरी अशी मुलगी असेल त्यांनी घारापुरीच्या त्या बाईची आठवण ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे.