चूक माझी की कंपायलरची?

अकोल्याहून बोलतोय. कूलरचा आवाज आला तर सांभाळून घ्या, तो बंद केला तर मी बोलू शकणार नाही.

आजची गोष्ट एका एररची. फायनल इयरचा प्रोजेक्ट, सोमवारी डेमो आणि शुक्रवारी रात्री स्क्रीनवर एकच तक्रार: ही डेफिनिशन कोणत्याही डिक्लेरेशनशी जुळत नाही.

आधी साधं समजून घेऊ. सी++ मध्ये फंक्शन बऱ्याचदा दोन ठिकाणी लिहितात. हेडरमध्ये डिक्लेरेशन: या नावाचं फंक्शन आहे, ते हे घेतं, हे देतं. दुसरीकडे डेफिनिशन, म्हणजे खरं काम. कंपायलर दोन्ही जुळवून बघतो.

डेनिस रिचींच्या जुन्या सीमध्ये डिक्लेरेशनमध्ये आर्ग्युमेंटचे प्रकार लिहायची सोयच नव्हती. चुकीचं पाठवलं तरी कंपायलर गप्प. 1989 च्या आन्सी सीनं प्रोटोटाइप आणले, तेही सी++ कडून घेऊन. डिक्लेरेशन नसताना फंक्शन वापरायची मुभा 1999 च्या स्टँडर्डनं काढली, पण जीसीसीनं त्याला थेट एरर केलं ते 2024 मध्ये, 14 व्या आवृत्तीत. म्हणजे हा कडकपणा आपल्या भल्याचाच.

पण माझ्या कोडमध्ये टेम्प्लेट होतं. क्लास टेम्प्लेट, त्यात मेंबर टेम्प्लेट आणि त्यावर सी++20 ची रिक्वायर्स अट. हेडर माझ्या मित्रानं लिहिलं होतं. मी फोन करून सरळ म्हणालो, "तूच हेडर बिघडवलं बे!" तो म्हणाला, "भाऊ, अक्षर न् अक्षर तेच आहे." मी ऐकलं नाही, फोन कापला.

रात्री दोनला बाबा उठले. "काऊन बे, झोपला नाही अजून?" मी म्हटलं, दोन कागदांवरचं नाव जुळत नाही म्हणते मशीन. बाबा हसले. "माझ्या सातबाऱ्याचं झालं तसंच का?" सातबाऱ्यावर 'राव' लागलेलं, आधारवर नाही. माणूस तोच, पण बाबांनी चार चकरा मारल्या.

तिथंच डोक्यात आलं: तपासणाराच चुकत असेल तर?

टेम्प्लेटमध्ये कंपायलरनं नुसती अक्षरं बघून चालत नाही. आत 'टी' आणि बाहेर 'यू' लिहिलं तरी जागा तीच असेल तर पॅरामीटर तोच. क्लासचा पॅरामीटर पहिल्या पातळीवर, मेंबरचा दुसऱ्या. अट तपासताना या पातळ्यांचा हिशेब चुकला, की एकच फंक्शन कंपायलरला दोन वेगळी वाटतात.

मग मी काटछाट सुरू केली. एकेक ओळ काढायची, कंपाइल करायचं. एरर राहिली तर ती ओळ निरपराध. पहाटेपर्यंत अकरा ओळी उरल्या. रिक्वायर्स काढलं, एरर गायब. परत टाकलं, एरर हजर. तोच तुकडा दुसऱ्या कंपायलरवर चालवला, बिनतक्रार चालला. पहिल्याच कंपायलरची नवी आवृत्ती टाकली, तिथंही चालला. जुन्या आवृत्तीतला बग होता तो.

कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र जुनीच आवृत्ती. म्हणून फंक्शनची बॉडी क्लासच्या आतच लिहिली. डिक्लेरेशन आणि डेफिनिशन एकाच जागी, म्हणजे जुळवायला काही उरलंच नाही. सोमवारी डेमो झाला.

आता हे ऐकून प्रत्येक एररला कंपायलरचा बग म्हणू नका बाप्पा! बहुतेक वेळा चूक आपलीच असते. डेफिनिशनवर कॉन्स्ट विसरलेलं असतं, नाहीतर नेमस्पेस राहिलेली असते. आधी ते बघा. मग कोड कमीत कमी ओळींवर आणा, दुसरा कंपायलर लावा, नवी आवृत्ती लावा. एवढं केल्यावरच बोट दाखवा.

मी मात्र पहिलं बोट मित्राकडे दाखवलं होतं. शनिवारी सकाळी त्याच्या घरी गेलो, अकरा ओळी दाखवल्या, सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "चहा तुझ्याकडून." दिला.

तुमची अशी एखादी अडलेली एरर असेल तर पाठवा, पण अकरा ओळींत हं. भेटू पुढच्या भागात.