पहिले घर, पहिले गहाण आणि विमा



वसंतातल्या व्याख्यानांत लोकांना इतिहास रुचतो, साहित्य रुचते. विमा हा विषय त्यामानाने रुक्ष, आणि थोडासा अशुभही. मंगल कार्यात कोणी मरणाची भाषा काढीत नाही. आणि घर घेणे हे तर मोठेच मंगल कार्य. परंतु वास्तुशांतीच्या दिवशी जो प्रश्न विचारणे अभद्र वाटते, तोच प्रश्न न विचारल्यामुळे पुढे ती वास्तू हातची जाण्याचा प्रसंग येतो. म्हणून आज मी तो उघडपणे विचारणार आहे. कर्ज फेडणारा माणूस मध्येच गेला, किंवा अंथरुणाला खिळला, तर घर कोणाचे?

दिवाळे गावात ह्या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. हे खाडीकाठचे मासेमारांचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, आसपासच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, १९८४ साली जासई येथे शेतकऱ्यांचे रक्त सांडले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडांचा हक्क पदरात पडला. हा इतिहास आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. गावठाणातले घर मात्र पिढीजात राहिले. भाऊबंदांचे तंटे झाले असतील, पण त्या घरावर बँकेचा बोजा सहसा नव्हता. आता कुटुंबे वाढली. तरुण मुलगा उलव्याला किंवा खारघरला सदनिका घेतो, आणि कित्येक घराण्यांत गहाणाच्या कागदावर प्रथमच सही होते. ती सही करताना मार्गदर्शन करायला वडिलांचा अनुभव नसतो.

महाराष्ट्राला गहाण नवे नाही. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. आजची बँक सावकारासारखी नाही. तिचा व्याजदर लिहिलेला असतो, हिशेब मिळतो. पण एक गोष्ट तीच आहे. हप्ता चुकला की तारण जाते. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्ज बुडीत वर्गात जाते. मग २००२ च्या कायद्याप्रमाणे ६० दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर दिवाणी दावा न लावताही ताबा घेण्याचा अधिकार बँकेला मिळतो. बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, ह्या जुन्या तत्त्वावर मुलाला कोर्टात खेचण्याची वाट २००५ च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरती बंद झाली. वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. परंतु मिळालेली मालमत्ता म्हणजे तेच घर नव्हे काय?

आता थोडा हिशेब करू. समजा, ३० लाखांचे कर्ज आहे, मुदत २० वर्षे, व्याज साडेआठ टक्के. महिन्याचा हप्ता सुमारे २६,००० रुपये. दहा वर्षे एकही हप्ता न चुकवता भरले. पुष्कळांना वाटते, अर्धी मुदत सरली, अर्धे कर्ज फिटले. तसे नाही. दहा वर्षांनंतरही सुमारे २१ लाख शिल्लक असतात, कारण आरंभीच्या हप्त्यांतला मोठा भाग व्याजात जातो. म्हणजे मुले शाळा-कॉलेजात असतात आणि संसाराचा भार सर्वांत जड असतो, त्याच काळात कर्जही जडच असते. विमा नेमका ह्या काळासाठी हवा.

कर्ज मंजूर होते त्याच टेबलावर बहुधा एक विमापत्रही पुढे सरकवले जाते. हा कर्जाला जोडलेला विमा. कर्ज जसे घटते तशी त्याची रक्कमही बहुधा घटत जाते, आणि मृत्यू झाल्यास पैसा आधी बँकेकडे जातो. घर सुटते हा त्याचा गुण, आणि तो लहान नव्हे. पण घर सुटले तरी चूल कशी पेटेल, ह्याचे उत्तर त्यात नसते. शिवाय त्याचा हप्ता पुष्कळदा एकरकमी घेऊन कर्जातच मिळवतात. एक लाखाचा हप्ता असा मिळवला, तर वरच्याच दराने वीस वर्षांत आपण सुमारे दोन लाख आठ हजार रुपये भरतो. कर्ज लवकर फेडले किंवा दुसऱ्या बँकेत नेले तर उरलेल्या विम्याचे काय होणार, हे सहीपूर्वी लेखी विचारावे. आणि आमच्याकडचाच विमा घ्या नाही तर कर्ज मिळणार नाही, अशी सक्ती बँकेला करता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरा प्रकार म्हणजे आपण स्वतंत्रपणे घेतलेला मुदतीचा विमा. त्याला टर्म प्लॅन म्हणतात. मुदतीत मृत्यू झाला तर ठरलेली पूर्ण रक्कम कुटुंबाला मिळते, जगलो तर काही परत मिळत नाही. ह्या शेवटच्या वाक्यापाशी आपला माणूस अडखळतो. पैसे फुकट गेले असे त्याला वाटते, आणि तो पैसे परत देणारी पॉलिसी घेतो. पण अशा पॉलिसीत तेवढ्याच हप्त्यात विम्याची रक्कम कितीतरी कमी मिळते. होडीला दोर बांधला आणि वादळ आले नाही, म्हणून दोराचे पैसे फुकट गेले असे कोळी म्हणत नाही. माझे मत स्पष्ट आहे. ज्याला मिळू शकतो त्याने आधी स्वतंत्र मुदतीचा विमा घ्यावा. रक्कम कर्जाएवढी आणि त्यावर कुटुंबाच्या काही वर्षांच्या खर्चाएवढी असावी. मुदत कर्जाहून कमी नसावी. वैयक्तिक विम्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, त्यामुळे हा मार्ग पूर्वीहून स्वस्तही झाला आहे. कर्ज नवराबायको दोघांच्या नावे असेल तर विमाही दोघांचा हवा. मासळीबाजारात बसणारी बाई हप्ता भरते आणि विमा मात्र एकट्या पुरुषाचा, हा हिशेब चुकीचा आहे.

ज्याच्याजवळ पगाराची चिठ्ठी नाही त्याने काय करावे? मोठ्या रकमेच्या विम्याला कंपन्या उत्पन्नाचा पुरावा मागतात. म्हणून मासेमाराने आणि छोट्या दुकानदाराने घराचा विचार सुरू होताच प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायला लागावे. ते कर्जालाही उपयोगी पडते. १ जानेवारी २०२१ पासून सर्व कंपन्यांसाठी एकाच साच्याची ‘सरल जीवन विमा’ योजना सुरू झाली. तिची रक्कम ५ ते २५ लाख ठरली आणि व्यवसायाची अट ठेवण्यात आली नाही. तिची चौकशी करावी. बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत जीवनज्योतीचा २ लाखांचा विमा मिळतो, २० रुपयांत सुरक्षा योजनेचा २ लाखांचा अपघातविमा मिळतो. मत्स्यसंपदा योजनेखाली मासेमारांना अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाखांचे संरक्षण ठरवण्यात आले. ही रक्कम कर्जापुढे थोडी आहे. पण काही महिन्यांचे हप्ते भरून विचार करायला सवड देते.

समुद्रावर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. माणूस बेपत्ता झाला आणि मृत्यूचा दुसरा पुरावा नसेल, तर सात वर्षे वार्ता नसल्यावर तो मृत असे कायदा धरतो. कर्जाचा हप्ता मात्र सात वर्षे थांबत नाही. म्हणून होडीवर कोण होते ह्याची नोंद, तात्काळ पोलिसांत खबर, पंचनामा आणि सोबत्यांचे जबाब ह्यांत एक दिवसही दवडू नये.

मृत्यूहून आजार आणि अपंगत्व ह्यांकडे अधिक दुर्लक्ष होते. साधा जीवनविमा माणूस जिवंत असेपर्यंत पैसे देत नाही. हात गमावलेला मनुष्य जिवंत असतो. त्याचा हप्ताही जिवंत असतो. म्हणून अपघाती अपंगत्वाची आणि गंभीर आजाराची जोड घ्यावी, आणि त्यात कोणते आजार कोणत्या अवस्थेत धरले आहेत हे वाचून घ्यावे.

आता अर्ज भरण्याविषयी. तंबाखू, मिश्री, गुटखा, रक्तदाब, साखर, जुनी शस्त्रक्रिया, सारे खरे लिहावे. एजंट काय भरतो ते सहीपूर्वी पाहावे. पहिल्या तीन वर्षांत लबाडी किंवा लपवाछपवी आढळली तर कंपनी दावा नाकारू शकते. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने विमापत्रावर आक्षेप घेता येत नाही. पण त्या तीन वर्षांच्या भरवशावर खोटे लिहिणे म्हणजे विधवेच्या माथी खटला ठेवून जाणे होय. विमापत्र हाती आल्यावर ३० दिवसांत न पटल्यास परत करता येते. तेवढ्यात ते घरातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावे.

शेवटचा मुद्दा फार थोड्यांना ठाऊक असतो. १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे विवाहित पुरुषाने बायकोच्या वा मुलांच्या हितासाठी स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरवला, आणि तसे विमापत्रावर नमूद केले, तर ती रक्कम विश्वस्तनिधी होते. धनकोंना बुडवण्याच्या हेतूने ते केलेले नसेल तर धनकोचा हात तिला लागत नाही. हे विमा घेतानाच लिहावे लागते. मग पैसे आल्यावर कर्ज फेडून घर ठेवायचे, की घर विकून मुलांचे शिक्षण करायचे, हे बँक ठरवीत नाही, दीर किंवा सासराही नाही. ती माउली ठरवते.

बँकेने आपले सारे संरक्षण आधीच करून ठेवलेले असते. तिच्याजवळ कागद आहेत, जामीन आहे, कायदा आहे. घरातल्या माणसांजवळ फक्त कमावणारे दोन हात आहेत. घर घेताना फरशी कोणती, खिडकी कोणत्या दिशेला, ह्याचा विचार आपण महिनोन्महिने करतो. त्यांतली एक संध्याकाळ नवराबायकोंनी ह्या हिशेबाला द्यावी, आणि विमापत्र कोठे ठेवले आहे ते दोघांनाही माहीत असावे, एवढीच माझी विनंती आहे.